काचेच्या पेटीतला साक्षीदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हात तासभर उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले, की आतून जी वाफ अंगावर येते तिची ओळख विदर्भातल्या माणसाला करून द्यावी लागत नाही. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीटबेल्टच्या बक्कलाचा चटका बसतो आणि सीटवर टेकताना पाठ आपोआप पुढे होते. आपण चारही दारे उघडतो, दोन मिनिटे बाहेर थांबतो, मग आत बसून एसी सुरू करतो आणि मोकळे होतो. पण अलीकडे अनेक गाड्यांमध्ये एक प्रवासी असा असतो, की त्याला बाहेर थांबण्याची सोय नाही. पुढच्या काचेला आरशामागे चिकटवलेला तो छोटा काळा कॅमेरा! त्याला डॅशकॅम म्हणतात. अपघात झाला, कोणी ठोकर मारून पळाले, कोणी खोटा आळ घेतला, तर खरे काय घडले ते सांगायचे हे त्याचे काम. साक्षीदाराने जागेवरून हलायचे नसते. म्हणून मे महिन्यातली अख्खी दुपार तो त्या भट्टीत काढतो.

या साक्षीदाराला ऊन सोसते का, आणि सोसत नसेल तर का, हा आजचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा वाटेल. पण त्याचे उत्तर शोधू लागलो, की आपण अडीचशे वर्षे मागे, थेट आल्प्सच्या पायथ्याशी जाऊन पोहोचतो.

जिनिव्हाचे एक शास्त्रज्ञ होते, ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर. पर्वतांचा अभ्यास हे त्यांचे मोठे वेड. या सोस्यूर यांना एका साध्या गोष्टीचे कुतूहल वाटले. काचेतून ऊन आत येत असेल, तर खोली किंवा बंद घोडागाडी बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, हे लोकांना पूर्वीपासून माहीत होते. सोस्यूर यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे, आणि त्यात घोडागाडीचा उल्लेख आहे हे मला फार महत्त्वाचे वाटते. पण ती किती तापते, हे कोणी मोजले नव्हते. १७६७ मध्ये त्यांनी एकात एक बसणाऱ्या काचेच्या पाच पेट्या केल्या, काळ्या पृष्ठभागावर ठेवल्या आणि उन्हात फिरवत फिरवत तापमान नोंदवले. सर्वांत आतल्या पेटीत पारा साडेसत्त्याऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास गेला. पुढे त्यांनी लाकडाची, आतून काळ्या बुचाचे अस्तर दिलेली आणि वर काचेचे तीन थर असलेली पेटी केली. तिच्यात तापमान ११० अंशांपर्यंत चढले. पाणी उकळते त्याहूनही जास्त! चूल नाही, जाळ नाही; नुसते ऊन आणि काच.

सोस्यूर एवढ्यावर थांबले नाहीत. १७७४ मध्ये ही पेटी घेऊन ते क्रामाँ नावाच्या डोंगरावर चढले. वर हवा थंड होती, खाली दरीत उबदार. तरी पेटीच्या आतले तापमान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच भरले. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत येणारे ऊन आणि आत कोंडलेली उष्णता यांचा हिशेब महत्त्वाचा ठरला. आजही 'आज काही फार गरम नाही हो' असे म्हणून आपण गाडी उन्हात लावतो, तेव्हा आपल्याला हा डोंगरावरचा प्रयोग ठाऊक नसतो.

या पेटीने पुढे मोठाच इतिहास घडवला. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२४ मध्ये पृथ्वीच्या तापमानाविषयी लिहिताना सोस्यूर यांच्या प्रयोगाचा आधार घेतला. पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे काम समजावताना त्यांना ती पेटीच आठवली. आणि आपल्याला अभिमान वाटावा असा एक धागा मुंबईतही आहे. १८७०च्या दशकात मुंबईत सरकारी नोकरीत असलेले विल्यम अ‍ॅडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ आरसे आणि काच यांच्या साहाय्याने उन्हावर अन्न शिजवण्याचे प्रयोग करीत होते. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, यावरचे त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच छापले गेले. आज आपण ज्याला सौरचूल म्हणतो, तिच्या घराण्यातली एक शाखा अशी आपल्या कुलाब्यातून जाते.

आता तुम्ही म्हणाल, काचेची पेटी नेमकी तापते तरी कशामुळे? शाळेत आपण शिकलो ते असे, की सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, आतल्या काळ्या वस्तू तो शोषतात आणि तापतात. तापलेल्या वस्तूंतून निघणारे अवरक्त किरण मात्र काचेतून सहज बाहेर पडत नाहीत. हे खरे आहे, पण अर्धेच. अमेरिकेतले आर. डब्ल्यू. वूड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच लावली, दुसरीवर सैंधव मिठाचा पारदर्शक तुकडा. अशा मिठातून अवरक्त किरणही आरपार जातात. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या, पासष्ट अंशांच्या घरात. याचा अर्थ असा, की मुख्य करामत कोंडलेल्या हवेची आहे. उघड्यावर तापलेली हवा वर निघून जाते आणि थंड हवा तिची जागा घेते. पेटीत ती जाणार कुठे?

सोस्यूर यांची पेटी, वूड यांची पेटी आणि आपली मोटार यांत तत्त्वाचा फरक नाही. पण मोटार जन्मतःच अशी पेटी नव्हती. सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत. वर फार तर कापडी हूड. उन्हाचा ताप डोक्याला व्हायचा, पण गाडीत उष्णता कोंडायची नाही. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी दहातली जेमतेम एक वरून-बाजूंनी बंद असे. १९२७ पर्यंत हेच प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. पाऊस, थंडी आणि धूळ यांपासून माणूस सुटला. आणि आठ वर्षांत लाखो लोकांच्या दारात चाके लावलेली सोस्यूरची पेटी उभी राहिली.

पुढे तिची भर पडतच गेली. १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून पुढची काच अधिकाधिक तिरकी होत गेली. तिरकी काच म्हणजे मोठी काच, आणि तिच्याखाली उन्हात पसरलेला मोठा डॅशबोर्ड. हा डॅशबोर्ड बहुतेक वेळा काळा किंवा गडद असतो, कारण फिक्या रंगाचे प्रतिबिंब काचेत पडून चालवणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. सोस्यूर यांनी मुद्दाम काळा पृष्ठभाग वापरला होता. आपण तो नाइलाजाने वापरतो. परिणाम एकच. गंमत अशी, की 'डॅशबोर्ड' हा शब्दसुद्धा घोडागाडीतलाच आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानापुढे लावलेली फळी, तो डॅशबोर्ड. चिखल गेला, घोडा गेला, फळी राहिली; आणि आता ती तव्यासारखी तापते.

किती तापते, याचे चांगले मोजमाप अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात झाले आहे. टेंपी या शहरात संशोधकांनी ३८ अंशांहून जास्त तापमानाच्या दिवसांत वेगवेगळ्या आकाराच्या गाड्या काही उन्हात आणि काही सावलीत उभ्या केल्या. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हातल्या गाडीत तासाभरानंतर हवेचे सरासरी तापमान ४७ अंशांच्या आसपास, स्टिअरिंग ५३, सीट ५१, आणि डॅशबोर्ड तब्बल ६९ अंश. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ अंशांवर थांबला. सावली आणि ऊन यांतला हा वीस अंशांचा फरक कृपया लक्षात ठेवा. आपल्या साक्षीदाराचे आयुष्य त्या वीस अंशांत आहे.

आता या साक्षीदाराचा इतिहास पाहू. गाडीत कॅमेरा बसवण्याची कल्पना पोलिसांची. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही पोलीस गाड्यांत व्हिडिओ कॅमेरे आले. १९९१ मध्ये टेक्सासमध्ये रात्रीच्या वेळी रस्त्यावर गाडी तपासणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली, आणि त्याच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने ती सारी घटना टिपली. मरणाऱ्याची साक्ष यंत्राने दिली. २००० मध्ये तिथल्या सरकारने पोलीस गाड्यांना कॅमेऱ्यांसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली, तेव्हा राज्य पोलिसांच्या सुमारे ११ टक्के गाड्यांत कॅमेरे होते. काही वर्षांतच हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले.

या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. तेव्हा काचेजवळ असायचा तो फक्त कॅमेऱ्याचा डोळा. चित्रण करणारा व्हीएचएस रेकॉर्डर चांगला अवजड. तो मागे डिकीत, पोलादी पेटीत कुलूपबंद असे. डिकीला काच नसते. म्हणजे साक्षीदाराचा डोळा उन्हात आणि स्मरणशक्ती सावलीत, अशी ती वाटणी होती. ती काही कोणी उष्णतेचा विचार करून केलेली नव्हती. जागेची अडचण आणि पुराव्याची सुरक्षितता ही कारणे होती. पण उन्हाच्या दृष्टीने ती शहाणपणाची ठरली.

मग मेमरी कार्ड आले. आज सर्वत्र दिसणारे एसडी कार्ड १९९९ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केले. नखाएवढ्या चकतीत तासन्‌तासांचे चित्रण मावू लागले. डोळा, मेंदू, स्मरणशक्ती आणि बॅटरी ही सारी मंडळी काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत एकत्र आली, आणि ती डबी काचेला चिकटवली गेली. यंत्र लहान झाले, स्वस्त झाले, सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. पण लहान होताना ते सावलीतून उन्हात आले, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ध्यानात न येण्याचे आणखी एक कारण मला दिसते. हे कॅमेरे ज्या देशांत आधी लोकप्रिय झाले, ते देश पाहा. जपानमधल्या टॅक्सी, दक्षिण कोरियातल्या मोटारी, तैवान आणि रशिया. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा गाड्यांमधल्या शेकडो कॅमेऱ्यांनी ती टिपली आणि डॅशकॅम हा शब्द जगभर पोहोचला. त्या चित्रणांत काय दिसते? बर्फ! ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईमध्ये विमान पुलाला घासून नदीत कोसळले, तेही मोटारीतल्या कॅमेऱ्याने टिपले. महिना पुन्हा फेब्रुवारीच. ज्या यंत्राची कीर्ती हिवाळ्यात झाली, त्याची परीक्षा मात्र अ‍ॅरिझोना, आखाती देश, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत इथल्या उन्हाळ्यात व्हायची होती. कुवेतमधल्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. त्याच वर्षी १९ मे रोजी आपल्या राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश. हे सावलीतले, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे आकडे. बंद गाडीतले नव्हेत.

मी नागपुरात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे बिघडलेल्या वस्तू घेऊन लोक माझ्याकडे येतात. आमच्या वस्तीत एक टूरचा व्यवसाय करणारे गृहस्थ राहतात. नवतप्याच्या दिवसांत त्यांची गाडी एका लग्नाच्या हॉलबाहेर उभी होती. दुपारी कोणीतरी मागून ठोकर देऊन निघून गेले. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या खिशातून गेला, कारण कॅमेऱ्यात दुपारी एकनंतरचे काहीच नव्हते. कॅमेरा उघडून पाहिला, तर आतली बॅटरी पापडासारखी फुगलेली आणि तिने डबीची फट उचकटलेली. ते मला म्हणाले, "सर, वर्षभर हा नीट चालतो. नेमका उन्हाळ्यातच का मरतो?"

याचे उत्तर एका स्वीडिश शास्त्रज्ञाने देऊन ठेवले आहे. स्वांटे अ‍ॅऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे नाते समीकरणात मांडले. त्याचा ढोबळ व्यवहारी अर्थ असा, की तापमान दहा अंशांनी वाढले, तर अनेक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. तीस अंशांनी वाढले, तर आठपट. आणि योगायोग पाहा, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब १८९६ मध्ये ज्यांनी मांडला, तेही हेच अ‍ॅऱ्हेनियस. पृथ्वीची पेटी आणि पेटीतल्या बॅटरीचे आयुष्य, दोन्ही हिशेब एकाच माणसाच्या वहीत!

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइलपासून विजेच्या गाडीपर्यंत सगळीकडे ती आहे. पण तिच्या आत ज्वलनशील सेंद्रिय द्रव असतो. साधारणपणे ४५ अंशांपर्यंत तिला चार्ज करावे आणि ६० अंशांपर्यंत वापरावे, अशी मर्यादा असते. त्यापुढे आत नको त्या क्रिया वेग घेतात, वायू तयार होतो आणि ती फुगते. फार तापली तर पेटही घेऊ शकते. विजेच्या गाडीत तिला थंड ठेवायची व्यवस्था असते. डॅशकॅमच्या डबीत कुठली?

म्हणून उष्ण प्रदेशांसाठीच्या अनेक कॅमेऱ्यांतून बॅटरी काढून टाकली गेली आणि तिच्या जागी सुपरकपॅसिटर आला. त्याचाही इतिहास जुना आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर यांनी सच्छिद्र कार्बनच्या विद्युतधारकाचे पेटंट घेतले. बॅटरी वीज साठवते ती रासायनिक क्रियेने. सुपरकपॅसिटर विद्युतभार नुसता पृष्ठभागावर धरून ठेवतो. मुख्य क्रियाच रासायनिक नाही, म्हणून तो उष्णतेने लवकर खचत नाही. त्याचे अनेक प्रकार ६५, ७० किंवा ८५ अंशांपर्यंत काम करतात. अर्थात फुकट काही मिळत नाही. त्याच्यात वीज मावते फार थोडी. गाडीची वीज तुटली, तर चालू असलेले चित्रण नीट जतन करून यंत्र बंद करण्यापुरती, काही सेकंदांची. गाडी उभी असताना पहारा द्यायचा, तर वीज गाडीच्या मोठ्या बॅटरीतूनच घ्यावी लागते.

बॅटरीचा प्रश्न मिटला म्हणजे सगळे मिटले असे नाही. कॅमेऱ्याचा पडदा उन्हात काळा पडतो, हे अनेकांनी पाहिले असेल. हा द्रवस्फटिकांचा गुण. १८८८ मध्ये प्राग इथे फ्रीडरिश रायनिट्झर यांना एक अजब पदार्थ सापडला. तो १४५.५ अंशांना वितळून गढूळ द्रव व्हायचा आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा बदलून स्वच्छ व्हायचा. तीच द्रवस्फटिकांची पहिली ओळख. पडद्यातले द्रवस्फटिक यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला 'स्वच्छ' होतात. त्यांची शिस्त मोडते आणि चित्र नाहीसे होते. गाडी निवली, की ते बहुधा परत येते. म्हणजे पडदा काळा होणे हा मृत्यू नव्हे, घेरी येणे आहे. कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीचेही तसेच. ती तापली, की अंधारातही तिच्यात आपोआप विद्युतप्रवाह निर्माण होतो, चित्रात ठिपके दिसू लागतात आणि गाडीचा नंबर वाचणे अवघड होते. मेमरी कार्ड त्यामानाने सोशीक. बहुतेक कार्डे ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवतात. पण डॅशकॅम त्यावर दिवसरात्र पुसून पुन्हा लिहीत असतो, आणि झिजलेल्या कार्डात साठवलेला विद्युतभार उष्णतेने लवकर गळतो. शिवाय नव्या गाडीतल्या प्लॅस्टिकमधून उन्हाने वाफा निघतात आणि काचेवर आतून धुरकट थर धरतात. कॅमेरा शाबूत, कार्ड शाबूत, आणि साक्ष मात्र धुक्यातली!

इथे एक प्रश्न विचारायला हवा. गाडीत कारखान्यातच बसवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रे हीच उष्णता सोसतात की! कारण त्यांची निवड वेगळ्या कसोटीने होते. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९९०च्या दशकात गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी एकत्रित मानके ठरवली. त्यात वेगवेगळ्या श्रेणी आहेत. उणे ४० पासून ८५, १०५, १२५ अंशांपर्यंत. शिवाय मोटार कंपन्या आपल्या नव्या गाड्या अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीसारख्या रखरखीत जागी नेऊन तापवून पाहतात. बाजारातून आणून वरून चिकटवलेला स्वस्त कॅमेरा या शाळेत गेलेलाच नसतो. तो घरातल्या टेबलावर ठेवायच्या वस्तूंच्या जातीचा. त्याला आपण सैनिकाचे काम सांगतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, विकत घेताना दोन प्रश्न विचारायचे: आत बॅटरी आहे की कपॅसिटर, आणि चालू असताना किती अंशांपर्यंत सोसतो? आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेला नसेल, तर तो कॅमेरा आपल्या उन्हाळ्यासाठी नाही असे समजावे. दुसरी गोष्ट, कॅमेरा डॅशबोर्डवर न ठेवता काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागे लावावा. तिथेही ऊन लागते, पण निदान तव्याची धग लागत नाही. तिसरी गोष्ट जरा अडचणीची. काचेला आतून चंदेरी सनशेड लावली, की बाकीची गाडी कमी तापते. पण कॅमेरा जर काच आणि सनशेड यांच्या मध्ये सापडला, तर तो सोस्यूर यांच्या आणखी एका आतल्या पेटीत गेला असे समजा. म्हणून सनशेड लावायची, तर दुपारपुरता कॅमेरा काढून थंड जागी ठेवणे उत्तम. पहाराच हवा असेल, तर झाड किंवा छप्पर शोधणे भाग आहे. काचेवर गडद फिल्म हा आपल्याकडे सोपा मार्ग नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मना मनाई केली, ती बंद गाडीतले गुन्हे आणि रस्त्यावरची सुरक्षितता लक्षात घेऊन. चौथी गोष्ट, चांगला कॅमेरा फार तापला की स्वतःहून बंद होतो. त्याला बिघाड समजून शिव्या देऊ नयेत. तो शहाणपणा आहे. पण त्याचा अर्थ असाही, की भर दुपारचा पहारा त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

हे सारे यंत्राचे झाले. पण बंद गाडीतल्या तापमानाचे जे आकडे मी सांगितले, ते मुळात कॅमेऱ्यांसाठी गोळा झालेच नाहीत. ते गोळा झाले लहान मुलांसाठी. २००५ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. बाहेर साधारण २२ ते ३६ अंश असताना बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. अ‍ॅरिझोनाच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की उन्हातल्या गाडीत दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचे तापमान तासाभरात ४० अंशांवर जाईल, सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या आत. अमेरिकेत १९९८ पासून दरवर्षी सरासरी ३७च्या आसपास मुले अशी गेली आहेत. त्यामागे एक चटका लावणारा इतिहास आहे. पुढच्या सीटसमोर एअरबॅग आल्या, त्यांच्या धक्क्याने मुलांना इजा होऊ नये म्हणून मुलांना मागच्या सीटवर बसवायला सांगितले गेले, आणि मागे झोपलेले मूल आई-बापांच्या नजरेआड गेले. निष्काळजी माणसेच विसरतात असे नाही. दमलेली, घाईतली, प्रेमळ माणसेही विसरतात.

कॅमेऱ्याची बॅटरी फुगते, तेव्हा तिने आपल्याला आकडा सांगितलेला असतो. इथे साठ-सत्तर अंश झाले होते, असे ती म्हणते. गावात 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गाडीत मुलाला किंवा म्हाताऱ्या आईला बसवून दुकानात शिरणारे लोक मी पाहतो. त्या पाच मिनिटांची वीस कशी होतात, हे दुकानातल्या रांगेला विचारा.

सोस्यूर यांच्यापूर्वीही बंद घोडागाडी तापते हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांचे मोठेपण एवढेच, की त्यांनी आत तापमापक ठेवला. या उन्हाळ्यात तुम्हीही एक करा. बाजारात साधा तापमापक मिळतो. तो डॅशबोर्डवर नको, मागच्या सीटवर ठेवा, गाडी अर्धा तास उन्हात उभी करा आणि आकडा घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मुलांना जरूर दाखवा. कॅमेरा कुठला घ्यायचा ते तुम्ही त्यानंतर ठरवालच. पण त्याआधी गाडी बंद करताना मागे वळून पाहायची सवय लागेल.